खरखर, टकटक, घरघर: रेकॉर्ड प्लेअरचं दुखणं कानाने ओळखा

'आवाज बरोबर येत नाही' एवढ्या तक्रारीवरून रेकॉर्ड प्लेअरमध्ये काय बिघडलंय ते कळत नाही. पण 'खरखर येते', 'गूं आवाज येतो', 'गाणं फाटतं', 'सूर लहरतो' असं कुणी म्हटलं की शोध एकदम एका-दोन भागांवर येऊन थांबतो. या प्रत्येक शब्दामागे वेगळं कारण असतं आणि इलाजही वेगळा. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन मिनिटं नुसतं ऐका आणि जे ऐकू येतंय त्याला नेमका शब्द द्या.

भागांच्या नावांचाही थोडा घोळ असतो. 'तबकडी' म्हणजे कुणाला रेकॉर्ड वाटते, तर कुणाला तिच्याखाली फिरणारी थाळी. इथे रेकॉर्ड ती रेकॉर्ड आणि फिरते ती थाळी. 'पिन बदलायची आहे' या वाक्याचे तर तीन अर्थ निघतात. खाचेला प्रत्यक्ष टेकतं ते हिऱ्याचं किंवा नीलमण्याचं सूक्ष्म टोक. ते बारीक दांडीला चिकटवलेलं असतं आणि दांडी प्लॅस्टिकच्या छोट्या तुकड्यात बसवलेली असते. हा तुकडा पुढे ओढला की निघतो. बहुतेक वेळा बदलायचा असतो तो हाच, त्याला स्टायलस किंवा सुई म्हणतात. तो ज्या डबीत बसतो ती कार्ट्रिज, आणि कार्ट्रिज ज्या लांब दांड्याच्या टोकाला असते तो आर्म. स्टायलस घेताना कार्ट्रिजवरचा नंबर लिहून न्या. दिसायला सारखे असणारे स्टायलस एकमेकांच्या कार्ट्रिजमध्ये बसतीलच असं नाही, आणि बळजबरीने बसवलेला स्टायलस थोडा तिरका राहिला तरी आवाज फाटतो.

पहिली चाचणी: आर्म उचला

नको असलेला आवाज येत असताना आर्म उचलून धरा, व्हॉल्यूम आहे तिथेच ठेवा. आवाज तसाच राहिला तर दोष विजेच्या बाजूचा, म्हणजे वायर, अर्थिंग किंवा ॲम्प्लिफायर यांपैकी कशात तरी आहे. आवाज थांबला तर तो सुईवाटे येत होता. मग रेकॉर्ड, सुई, मोटर किंवा बेअरिंग तपासायचं. दुसरी रेकॉर्ड लावून पाहा. तिच्यावर आवाज नीट आला तर प्लेअर बिचारा निर्दोष आहे. या दोन चाचण्यांना मिनिटभर पुरतं, तरी लोक त्या सोडून थेट मशीन उघडतात.

खरखर आणि टकटक

खरखर सतत येते, टकटक मोजता येते. ३३ १/३ गतीच्या, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेणाऱ्या, रेकॉर्डचा एक फेरा बरोबर १.८ सेकंदांत पुरा होतो, ४५ च्या रेकॉर्डचा साधारण १.३ सेकंदांत आणि ७८ च्या रेकॉर्डचा पाऊण सेकंदाहून किंचित जास्त वेळात. टक्... टक्... असा आवाज याच अंतराने येत असेल तर तो आडवा ओरखडा आहे. सुई प्रत्येक फेऱ्यात त्यावरून जाते. धुऊन तो जाणार नाही. अंतर कमी-जास्त असेल, मधूनच चट्‌कन तडतडत असेल, तर धूळ किंवा रेकॉर्डवर साठलेली स्थिर वीज. कोरड्या हवेत रेकॉर्ड कव्हरमधून काढताना हाताच्या केसांना ओढ जाणवते ना, तीच ही वीज.

धुळीसाठी कार्बन फायबरचा ब्रश घ्या. थाळी फिरू द्या, ब्रशचे केस रेकॉर्डला जेमतेम टेकतील इतकाच धरा, दोन-तीन फेरे होऊ द्या आणि मग ब्रश हळूहळू बाहेरच्या कडेकडे सरकवत उचला. दाबू नका, नाहीतर धूळ खाचेत आणखी खोल जाते. बोटांचे डाग, बुरशी, जुना चिकटपणा ब्रशने जात नाही, त्यासाठी ओलं धुणं लागतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे एक-दोन थेंब टाका, मऊ मायक्रोफायबर फडक्याने खाचेच्या दिशेने गोल गोल पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून काढा आणि उभी ठेवून पूर्ण सुकू द्या. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. नळाचं पाणी टाळा. ते सुकल्यावर त्यातले क्षार खाचेतच राहतात आणि खरखर होती त्याहून वाढते.

धुतल्यावरही सगळ्याच रेकॉर्डवर खरखर येत असेल तर सुईकडे पाहा. टोकाला धुळीचा करडा गोळा जमलेला असतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. छोट्या ब्रशने मागून पुढे, म्हणजे आर्मच्या बाजूने तुमच्याकडे असं एकाच दिशेने झाडा. उलट किंवा आडवा फटका बसला तर दांडी वाकते, आणि वाकलेली दांडी सरळ करायच्या भानगडीत पडू नये. बोटाने तर सुई कधीच पुसू नका. अल्कोहोलचा बोळाही टाळलेला बरा. काही सुयांमध्ये टोक ज्या डिंकाने चिकटवलेलं असतं तो अल्कोहोलने सैल होतो.

रेकॉर्ड जुनी मोनो असेल आणि ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. मोनोमध्ये संगीत खाचेच्या फक्त आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीतून येतो तो निव्वळ कचरा, आणि बटण दाबताच त्यातला बराचसा नाहीसा होतो.

पिन अडकणे

तेच तेच बोलणाऱ्या माणसाला 'याची पिन अडकली' म्हणतात, पण खऱ्या रेकॉर्डवर सहसा दोष पिनचा नसतो. रेकॉर्डच्या एका बाजूला बाहेरून आत जाणारी एकच लांब खाच असते. ओरखड्याने दोन शेजारच्या वळणांमधली भिंत फुटली की सुई पुढे सरकण्याऐवजी मागच्या वळणात घसरते, एक फेरा मारून पुन्हा त्याच जागी येते आणि पुन्हा घसरते. भिंत दुसऱ्या बाजूला फुटली असेल तर सुई पुढे उडी मारते आणि ओळ अर्धवट तुटते.

आधी ती जागा भिंगाखाली पाहा. खूपदा भिंत शाबूत असते आणि खाचेत टणक कण रुतून बसलेला असतो. टेबल लॅम्पचा उजेड तिरका पडू द्या म्हणजे कण चमकतो. ओल्या फडक्याने तो मऊ करा. तरी निघाला नाही तर लाकडी टूथपिकचं टोक खाचेच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने फिरवा. धातूची टाचणी घेऊ नका.

कार्ट्रिजवर नाणं ठेवायचा जुना उपाय अजून सर्रास सांगितला जातो. त्याने सुई अडकत नाही हे खरं, पण नाण्याचं कित्येक ग्रॅम वजन रेकॉर्डची प्रत्येक खाच खरवडत जातं. एकाच रेकॉर्डवर पिन अडकत असेल तर दोष रेकॉर्डचा. सगळ्याच रेकॉर्डवर अडकत असेल तर आर्मचा तोल बिघडलाय, आणि तोल साधायला नाणं नको, पाच मिनिटं पुरेत.

आवाज फाटणे, आणि आर्मचा तोल

गायकाचा 'स' फिस्कारतो, तार सप्तकात आवाज चिरतो, शेवटच्या गाण्याला जास्तच. यालाच आपण 'फाटतो' म्हणतो. शेवटचं गाणं आधीच नाजूक असतं, कारण रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते, तर आतल्या टोकाला जेमतेम २० सेंटीमीटर. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. आर्मचा तोल जरा बिघडला की तो सगळ्यात आधी तिथेच कळतो.

तोल असा साधा:

१. थाळीवर स्पिरिट लेव्हल ठेवा आणि प्लेअरचे पाय वरखाली करून ती सपाट आणा. कलत्या प्लेअरवर पुढचं सगळं फुकट.

२. अँटीस्केटची, म्हणजे मध्याकडे ओढल्या जाणाऱ्या आर्मला उलट ओढ देणारी, चकती शून्यावर आणा. सुईवरचं झाकण काढा, आर्मचं कुलूप सोडा, पण आर्म थाळीवर नेऊ नका. स्टँड आणि थाळी यांच्यामधल्या जागेत धरा.

३. आर्मच्या मागचं वजन हळूहळू फिरवा. पुढे आणलं तर कार्ट्रिजची बाजू वर उठेल असं वाटतं, पण इथेच गल्लत होते. वजन टेकूच्या मागे आहे. ते टेकूजवळ आणलं की मागची बाजू हलकी होते आणि कार्ट्रिज खाली जाते, टेकूपासून लांब नेलं की कार्ट्रिज वर उठते. आर्म जमिनीला समांतर, हवेत तरंगल्यासारखा राहिला की झालं. फुंकर मारली तर डुलेल आणि पुन्हा त्याच जागी येईल.

४. आता वजन एका हाताने पक्कं धरा आणि त्याच्यावरची आकड्यांची रिंगच तेवढी फिरवून शून्य रेघेवर आणा. इथे वजनही सोबत फिरलं तर शून्य खोटं ठरतं. चुकीच्या दाबाचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

५. मग वजन आणि रिंग एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या कागदावर दिलेला आकडा लावा. घरगुती मॅग्नेटिक कार्ट्रिजना बहुधा १.५ ते २ ग्रॅम लागतात. कंपनीने १.५ ते २.५ असा पल्ला दिला असेल तर मधला आकडा किंवा त्याच्या जरा वरचा घ्या.

६. अँटीस्केटवर तोच आकडा लावा.

'दाब जितका कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित' ही समजूत चुकीची आहे. फार हलकी सुई खाचेच्या दोन्ही भिंतींना धरून चालत नाही. मोठ्या आवाजाच्या जागी ती हवेत उडते आणि परत भिंतीवर आपटते. थोड्या जास्त दाबापेक्षा हे आपटणं जास्त नुकसान करतं. सूक्ष्म वजनाचा छोटा डिजिटल काटा मिळतो. रिंगच्या आकड्यांवर विसंबण्यापेक्षा त्यावर एकदा खात्री केलेली चांगली.

अँटीस्केट कशाला, असंही विचारलं जातं. आर्म पुढच्या टोकाला वाकडा असल्यामुळे फिरणारी रेकॉर्ड त्याला सतत मध्याकडे ओढते. मग सुई आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरच्या भिंतीवरची पकड सोडते. स्टीरिओ रेकॉर्डमध्ये डावा चॅनेल आतल्या भिंतीवर आणि उजवा बाहेरच्या भिंतीवर कोरलेला असतो. म्हणून फाटणं फक्त उजव्या स्पीकरमध्ये असेल तर अँटीस्केट थोडं वाढवा, फक्त डाव्यात असेल तर कमी करा.

तोल बरोबर असूनही फाटत असेल तर कार्ट्रिजची जागा तपासा. ती दोन स्क्रूंनी बसते आणि स्क्रूंमधलं अंतर जवळपास सगळीकडे १२.७ मिलीमीटर असतं. कार्ट्रिजचा कोन जुळवायचा छापील कागद, म्हणजे प्रोट्रॅक्टर, थाळीच्या खुंटीवर घाला. त्याच्यावर दोन ठिपके असतात, नेहमीच्या प्रोट्रॅक्टरमध्ये मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलीमीटरवर. सुई दोन्ही ठिपक्यांवर टेकली पाहिजे आणि दोन्ही वेळा कार्ट्रिजच्या कडा तिथल्या रेघांना समांतर दिसल्या पाहिजेत. एका ठिपक्यावर जमलं की दुसऱ्यावर चुकतं, मग पहिल्यावर चुकतं. या कामाला चिकाटी लागते. छापलेला कागद आधी पट्टीने मोजा, कारण प्रिंटरने आकार दोन टक्के लहान केला तरी सगळं गणित बिघडतं.

आणि सुई झिजलेली असेल तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते, नीलमण्याची त्याच्या कितीतरी आधी संपते. रोज एक एल.पी. (३३ १/३ ची मोठी रेकॉर्ड) दोन्ही बाजूंनी ऐकली तर पाऊण तास होतो, म्हणजे ५०० तासांना पावणेदोन-दोन वर्षं.

गूं आणि घरघर

हे दोन आवाज सारखे वाटतात, पण आर्म उचलण्याची चाचणी त्यांना लगेच वेगळं करते. आर्म उचलूनही राहतो तो गूं. प्लेअरच्या मागून निघालेली पातळ अर्थिंग वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला लावलेली आहे का ते आधी पाहा. ती टोकाला चपट्या काट्याची असते आणि हलवाहलवीत हमखास सुटते. मग कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक वायरी पाहा: पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलची, लाल आणि हिरवी उजव्याची. एखादी सैल असेल तर तो चॅनेल गूं करतो किंवा गप्प बसतो. शिवाय ॲम्प्लिफायरच्या अगदी वर प्लेअर ठेवला तर ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजमध्ये गूं पेरतो. फूटभर बाजूला सरकवा.

आर्म उचलताच थांबते ती घरघर. मोटर की बेअरिंग हे पट्ट्याच्या प्लेअरवर ओळखता येतं. पट्टा काढा, मोटर चालू ठेवा, स्थिर रेकॉर्डवर सुई अलगद टेकवा आणि व्हॉल्यूम बेताने वाढवा. घरघर आली तर ती मोटरची आहे, तिच्याखालचे रबरी बुश कडक झाले असतील. नाही आली तर थाळीच्या खुंटीचं बेअरिंग कोरडं पडलंय. थाळी काढा, खुंटी आणि खोबण पुसून घ्या, हलक्या मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब पुरतात. खोबरेल किंवा खाद्यतेल नको. ते चिकट होऊन जागेवर बसतं.

व्हॉल्यूम वाढवला की घरघर वाढत वाढत हंबरल्यासारखी होते आणि कमी केला की थांबते? मग स्पीकर आणि प्लेअर एकाच टेबलावर आहेत. स्पीकर टेबल हलवतो, टेबल सुई हलवतं, सुई पुन्हा स्पीकरला आवाज देते. स्पीकर खाली उतरवा.

सूर लहरणे

लहर फेऱ्याला एकदा येत असेल तर वाजताना कार्ट्रिजकडे समोरून पाहा. ती डावी-उजवी झुलत असेल तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. वर-खाली होत असेल तर रेकॉर्ड वाकलीय. ४५ च्या मोठ्या भोकाच्या रेकॉर्डमध्ये ॲडॉप्टर सैल बसला तरी असंच झुलतं. वाकलेल्या रेकॉर्डला उन्हात किंवा ओव्हनमध्ये सरळ करायला जाऊ नका. उष्णतेने विनाइल आणखी वेडंवाकडं होतं आणि खाचाही बिघडतात. रेकॉर्ड आधीपासूनच उभ्या, एकमेकींना जेमतेम टेकून ठेवल्या तर वाकत नाहीत.

लहर जलद, थरथरल्यासारखी असेल तर पट्टा किंवा रबरी चाक. पट्टा सैल पडला की थाळी गती घ्यायला वेळ लावते आणि सुरुवातीचे सूर खालून वर चढत येतात. मोटरची पुली अल्कोहोलने पुसा, पट्टा कोमट पाण्याने धुऊन सुकवा. तरी घसरत असेल तर नवा घ्या. रबरी चाकाच्या जुन्या प्लेअरमध्ये बटण गतीवर ठेवूनच वीज बंद केली तर चाक पुलीला दाबून राहतं आणि त्याला खळगा पडतो. पुढे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात धप् धप् ऐकू येतं. बंद करताना बटण मधल्या मोकळ्या खुणेवर आणायचं.

लहर नाही, पण गतीच चुकीची आहे, असंही असतं. रेकॉर्डच्या कडेला कागदी खूण चिकटवा आणि घड्याळ लावून तीन मिनिटं मोजा. ३३ १/३ च्या गतीला बरोबर १०० फेरे झाले पाहिजेत. ९४ झाले तर सूर अर्धा स्वर उतरलाय, म्हणजे काळी चारमध्ये गाणारा गायक पांढरी पाचमध्ये ऐकू येणार. स्ट्रोबची चकती (दिव्याच्या लुकलुकीत गती तपासायची रेघांची चकती) वापरत असाल तर ५० हर्ट्झच्या विजेवर ३३ १/३ साठी १८० रेघांचं वर्तुळ स्थिर दिसलं पाहिजे, ६० हर्ट्झवर २१६ रेघांचं. मात्र अनेक एलईडी दिव्यांचा उजेड विजेच्या तालावर लुकलुकत नाही, म्हणून त्यांच्या उजेडात काही कळत नाही. आणि एल.पी. चुकून ४५ वर लावली तर षड्‌ज थेट शुद्ध मध्यमाच्याही किंचित वर जातो. तो बिघाड नाही, बटण पाहा.

आवाज बारीक आणि पोकळ

नवीन प्लेअर आणला, जोडला, आवाज मुंगीसारखा आणि खर्ज तर नाहीच. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा सिग्नल जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात. हे उलट करून देणारं सर्किट म्हणजे फोनो प्रीॲम्प. ॲम्प्लिफायरवर 'फोनो' लिहिलेलं भोक असेल तर तिथे जोडा, नसेल तर मध्ये वेगळा प्रीॲम्प लागतो. काही प्लेअरच्या मागे फोनो आणि लाइन असा खटका असतो. प्लेअर लाइनवर ठेवून फोनोच्या भोकात जोडला तर प्रीॲम्प दोनदा लागतो, आवाज भसाडा आणि फाटका येतो. दोहोंपैकी एकाच ठिकाणी प्रीॲम्प हवा.

अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्ड

या विनाइलच्या नाहीत, लाखेच्या. जड, टणक, हातातून पडल्या की तुकडे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून यांच्या धुण्यात अल्कोहोलचा थेंबही नको. डिस्टिल्ड वॉटरनेही झटपट पुसून लगेच कोरड्या करा, कारण कडेला टवका उडालेल्या काही रेकॉर्डच्या आत कागदी थर असतो आणि तो पाणी पिऊन फुगतो.

एल.पी.च्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) असते, ७८ च्या सुईची जवळपास ७६ मायक्रॉन. एल.पी.ची सुई लाखेच्या रुंद खाचेत लावली तर ती भिंतींना न टेकता तळाशी लोळते आणि ऐकू येते फक्त खरखर. ७८ ची जाडी सुई एल.पी.वर लावली तर खाच कायमची खराब होते. फिरवायच्या सुईच्या जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी सुई असते. प्रत्येक वेळी कुठली बाजू खाली आहे ते पाहूनच आर्म टेकवा.

चावीच्या ग्रामोफोनवर विनाइलची रेकॉर्ड कधीच लावू नका. त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई बसते त्या गोल डबीचा, दाब शंभर ग्रॅमच्या वर असतो, पहिल्याच फेऱ्यात खाच खरवडली जाते. त्याच्या पोलादी सुईचा नियम एका बाजूला एक सुई असाच आहे. लाखेत मुद्दाम खरखरीत भुकटी मिसळलेली असते. ती पहिल्या काही फेऱ्यांत सुईला घासून खाचेच्या आकाराची करते. तीन मिनिटांत तिला धारदार कडा येते, आणि दुसऱ्या बाजूला तीच सुई वापरली तर ही कडा खाच कापत जाते. म्हणून बाजू संपली की सुई काढून लगेच वेगळ्या डबीत टाका. नव्या-जुन्या एकदा मिसळल्या की नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या काढता येत नाहीत.